काळा पत्रा

सुनीती गच्चीवर आली तेव्हा आई नळाशी फतकल मारून बसली होती आणि कुंडीतली माती नि नारळाची शेंडी घेऊन पोलादी पत्रा मन लावून घासत होती.

त्या पत्र्यावर सुनीतीने पाच धातू एकजीव करून काळा लेप चढवला होता. पडेल ते ऊन पिऊन त्याची उष्णता करायची आणि ती निसटू द्यायची नाही, असा लेप. आधीचे सगळे प्रयोगशाळेत फुकट गेले. हा एक जमला. विस्मरण जडलेल्या आईला एकटं टाकून जाता येईना, म्हणून सुनीतीने तो घरच्याच गच्चीवर उन्हात तपासायला ठेवला. सोलापूरच्या अख्ख्या उन्हाळ्याला लेप पुरून उरला. आज पत्रा उतरवायचा होता.

आता तो आरशासारखा लखलखत होता. एका कोपऱ्यात तेवढा नखाएवढा काळा डाग उरला होता.

"आई, काय करून ठेवलंस हे!" सुनीती किंचाळली.

आईने दचकून पत्रा पदराखाली घेतला. समोर कोण उभं आहे, याची ओळख तिच्या नजरेत कुठेच नव्हती. "हळू बोला हो," ती काकुळतीने म्हणाली. "पोरीने दूध करपवलं, भांडं पार काळं केलं. ह्यांनी बघितलं तर फोडून काढतील तिला. एवढीशी आहे हो ती. तुम्ही नका हं सांगू."

"नाही सांगत," सुनीती कसंबसं म्हणाली.

मग तिने शेंडी हातात घेतली आणि राहिलेला कोपरा घासायला बसली.