युरोपात अपराजित

सामना संपायला चार-पाच मिनिटं उरली असताना चेंडू पुन्हा पाण्यात गेला.

मैदानाच्या एका अंगाला पाण्याचा चर होता. ओल्डेवीर गावात कशाच्या ना कशाच्या अंगाला चर असतोच. त्यात पडलेले चेंडू लांब काठीच्या जाळीने काढायचे, हे काम म्हाताऱ्या गेरलोफचं. आधीचे चेंडू वाऱ्याने पार पुलाखाली नेऊन ठेवले होते. हा एकच काय तो हाताशी उरलेला.

"गेरलोफ, हात चालव की जरा!" कँटीनच्या खिडकीतून बाउक्ये ओरडली. "का जादा वेळेची वाट बघतोयस?"

कठड्याला टेकलेली माणसं खो खो हसली. हा टोमणा गेरलोफने तरुणपणापासून ऐकला होता. ओल्डेवीरचा क्लब युरोपच्या स्पर्धेत गेला होता तो एकदाच, आणि तेव्हा गोलकीपर होता गेरलोफ. घरच्या मैदानावर दोन-दोन, त्यांच्याकडे एक-एक. बरोबरी आहे म्हणजे आता जादा वेळ खेळवणार, असं धरून चालला हा बाबा! शेवटी शेवटी चेंडू पोटाशी धरून दम खात राहिला, पोरांनाही म्हणाला, पळू नका, ताकद राखून ठेवा. शिट्टी वाजली. समोरचे नाचायला लागले आणि आपले अकरा जण पाणी पीत उभे. बरोबरी झाली तर दुसऱ्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे जाणार, असा त्या काळचा नियम. साऱ्या गावाला तो ठाऊक होता, चेंडू धरून बसलेला माणूस सोडून.

पण हरलो कुठे होतो? दोन सामने, दोन्ही बरोबरीत. मग गेरलोफनेच एक फळी रंगवून कँटीनच्या भिंतीवर ठोकली होती, 'युरोपात अपराजित'. कुणी टोमणा मारला की तो नुसतं त्या फळीकडे बोट दाखवायचा. तेवढाच त्या माणसाला आधार.

आज इतक्या वर्षांनी क्लब पुन्हा युरोपात उतरला होता. गेल्या आठवड्यात परदेशात जाऊन पोरं दोन-शून्यने जिंकून आली होती. आज घरी मात्र एका गोलने मागे. असंच राहिलं तरी दोन्ही सामने मिळून ओल्डेवीर पुढच्या फेरीत जाणार होतं. पण ते कुणाच्या ध्यानात? लोक बाकांवर पाय आपटून ओरडत होते, "अपराजित! अपराजित!"

कप्तान जेल्मर धावत चरापाशी आला. कान लालबुंद, धाप लागलेली. चेंडू आत टाकायची पाळी आपलीच होती.

"आजोबा, द्या लवकर! सगळ्यांना पुढे बोलावलंय, गोलकीपरलासुद्धा. एक गोल मारतोच आता. तुमची फळी खाली येऊ देत नाही!"

गेरलोफने वळून पाहिलं. गोलकीपर खरंच अर्धं मैदान ओलांडून आला होता. मागे नुसतं गवत. पाहुण्यांचे दोघे जण तिकडेच घुटमळत होते, लोणी बघितलेल्या बोक्यासारखे. चेंडू एकदा त्यांच्या पायात गेला की संपलं. दोघांचे गोल सारखे झाले असते आणि सगळं पुन्हा अधांतरी लटकलं असतं.

चेंडू जाळीत आला होता. एक झटका दिला की बाहेर. काय सांगावं, पोरगा गोल मारायचाही. गेरलोफला फळी हवी होती. आपण गेल्यावरसुद्धा ती तिथे राहावी असं त्याला वाटायचं.

त्याने जाळी अलगद कलती केली. चेंडू डुबकन पाण्यात पडला आणि लव्हाळ्यांकडे निघाला.

"अहो आजोबा! काय करताय?"

"हात थरथरतात रे आताशा." गेरलोफने काठी सावकाश पुढे सरकवली. "जेल्मर, एकूण गोल किती झाले?"

"आता काय विचारताय हे?"

"मोज म्हणतो ना. मी मोजले नव्हते."

जेल्मर बोटांवर मोजायला लागला. आपले दोन. त्यांचा एक. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग गर्रकन वळला आणि दोन्ही हात हलवत बोंबलला, "मागे! सगळे मागे! ए गाढवा, गोल सोडून कुठे चाललास?"

गोलकीपर जागेवर पोचला, तेव्हा चेंडूही जाळीत आला. गेरलोफने तो कोटाच्या बाहीला नीट पुसला. पंच घड्याळावर बोट आपटत जवळ आले.

"झालंच साहेब," गेरलोफ म्हणाला आणि त्याने चेंडू जेल्मरच्या हातात दिला.

जेल्मरने तो आपल्याच माणसाकडे टाकला. त्याने मागच्याला दिला, मागच्याने आणखी मागे. लोक शिव्या घालत होते. मग शिट्टी वाजली.

ओल्डेवीर हरलं. मग कुणाच्या तरी डोक्यात हिशेब उतरला आणि एकच गिल्ला झाला. बिअरचे पेले उडाले, बायका बाकांवर चढल्या. गेरलोफ चराच्या काठावर बसून राहिला. डोळे भरून आले होते, ते त्याने पुसलेही नाहीत.

तो कँटीनमध्ये आला तेव्हा बाउक्येने कॉफी ओतली. डब्यातून एक बिस्कीट काढून बशीत ठेवलं. गावाचा रिवाजच तो, कपामागे एक. मग झाकण लावायला गेली आणि थांबली. डबा तसाच उघडा त्याच्यासमोर सरकवला.

"फळीचं काय करायचं रे?" तिने हळूच विचारलं. "ते पुसून काय लिहू?"

गेरलोफने दुसरं बिस्कीट उचललं.

"हरलो म्हणून लिही," तो म्हणाला. "चांगलं मोठ्या अक्षरांत."