पिवळा पट्टा

वडगाव रासाईच्या माळावरचं सरकारी वन विकायला निघालं. मुदतीत गावातून एकही हरकत आली नाही. मग 'जनहितार्थ' असा फलक लागला आणि वन घेणाऱ्या कंपनीच्या माणसांनी येऊन काही झाडांना पिवळे पट्टे मारले.

ललिताबाईंनी त्या वनात तीस वर्षं मजुरी केली होती. खड्डे खणले, कडेवर घागर घेऊन रोपारोपाला पाणी पाजलं. बारा वर्षांमागं नवरा गेला, तेव्हा त्याची राख भीमेत न सोडता त्यांनी तिथल्याच एका खड्ड्यात घातली आणि वर कडुनिंब लावला. आता त्या निंबाच्या कमरेलाही पट्टा दिसला.

दुपारभर ललिताबाई दगडानं रंग खरवडत राहिल्या. बोटं सोलून निघाली.

"आई, नुस्ता रंग तर हाय," लेक दीक्षा म्हणाली.

"जल्म गेला माझा ह्या वनात. झाडाला पट्टा मारला म्हंजी कुऱ्हाड आली."

"मग बाकीच्या झाडांचं गं?"

"ती सरकारची. ह्यो तुझा बाप हाय."

सोमवारी मशीन आलं. दिवस कलता ललिताबाई धापा टाकत पोचल्या, तर सगळा माळ उघडा पडला होता. निंबाचा बुंधा अजून ओला होता. शोभेसाठी राखलेली सात-आठ झाडं तेवढी वाऱ्यावर डुलत होती.



त्या प्रत्येकाच्या कमरेला पिवळा पट्टा होता.