हिरव्या भुकटीचा गुण

सलग चौथ्या दिवशी जिवाणू टिकलीला भिडले होते. अश्लेषानं काचेची बशी खिडकीच्या उजेडात धरली. मधोमध तिच्या द्रावणात भिजवलेली कागदाची टिकली होती. तिच्याभोवती जिवाणू मरून स्वच्छ वर्तुळ उमटायला हवं होतं. महिनाभर ते उमटतही होतं. तिनं आपल्या कपाटाला कुलूप घातलं आणि ते उमटायचं थांबलं.

ते चौऱ्याण्णव साल होतं. सांगलीच्या कॉलेजात तिची दोन वर्षं एकाच कामात गेली होती. रेणूच्या मोठ्या कड्यात तांब्याचा अणू बसवायचा आणि तयार झालेली हिरवी भुकटी जिवाणू मारते का ते बघायचं. शोधनिबंध छापण्यासाठी दिल्लीला रवानाही झाला होता.

शेजारच्या टेबलावर साताऱ्याचा मुकुल निकेल घेऊन तेच करायचा. त्याचं वर्तुळ एकदाही उमटलं नव्हतं. तो तिच्या भुकटीच्या द्रावणाच्या कुप्यांकडे जरा जास्तच बघतो, असं तिला वाटू लागलं, म्हणून तर कुलूप आलं. आता तिची खात्रीच पटली. यानं दुसरी किल्ली करून घेतली! ती तडक त्याची तक्रार घेऊन दोघांचे मार्गदर्शक इनामदार सर यांच्याकडे गेली.

"उद्या सकाळी त्याला प्रयोगशाळेतून काढतो," सर म्हणाले.

ती परतली तेव्हा प्रयोगशाळेचा शिपाई मानसिंग दाराशी उभा होता.

"मॅडम, मुकुलसायबांनी काय केलं न्हाई."

"मग कुणी बिघडवलं?"

"बिघडवलं न्हाई कुणी. आदी मीच जमवून देत हुतो."

तुलनेसाठी ठेवलेल्या प्रतिजैविकाचे चार थेंब तो तिच्या कुपीत टाकायचा.

"यंदा काय गावलं न्हाई तर तुमची शिष्यवृत्ती जाणार, असं सर बोललं. तुमी लय रडत हुता. मग कुलूप लागलं, हात पोचंना."

अश्लेषा स्टुलावर बसून राहिली. मुकुल गेला असता. निबंध छापून आला असता. गप्प बसण्यापलीकडे तिला काही करावंच लागणार नव्हतं.

सकाळी सरांनी मुकुलला बोलावण्याआधी ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मुकुलचा काही दोष नाही, सर. निबंध परत मागवा. माझी भुकटी जिवाणू मारत नाही."

सर खुर्चीतून अर्धवट उठले. "मग ती वर्तुळं? ती कुणी केली?"

बाहेर मानसिंगचा बाटल्या धुण्याचा आवाज थांबला.

"कुप्या माझ्या होत्या, सर. प्रतिजैविक मिसळलेलं मला कळायला हवं होतं," अश्लेषा म्हणाली. "दोषी म्हणून नाव लिहायचंच असेल तर माझं लिहा."