तेवीस नंबरचा शिंपला

"तेवीस नंबर," कागदावरचं बोट न उचलता संशोधक शौ वेइलान म्हणाली. "मावशी, तुम्ही मादी लिहायला सांगितलंत. चाचणी म्हणते, नर."

चायश्याने हातातला चिमटा खाली ठेवला.

चाचणीचे ते चाळीस शिंपले नर-मादी सांगून तिनेच निवडले होते, शेडच्या खिडकीजवळच्या आपल्या ठरलेल्या स्टुलावर बसून. चीनमधल्या झूजीच्या या मोत्यांच्या तळ्यांवर तीस वर्षं ती हेच करत आली होती. शिंपला जरासा उघडायचा, आत डोकावायचं आणि सांगायचं. कल्ले दाट असले की मादी, विरळ असले की नर. पण यंदा डोळ्यांवर साय धरली होती. ती कुणाला बोलली नव्हती. दिसेनासं झालं तशी ती करंगळी आत घालून बघायला लागली. बोटाला कळायचं. निदान तिला तसं वाटायचं. ते खोटं ठरलं तर ते स्टूल गेलं, आणि मग घरी सुनेच्या तोंडाकडे बघत दिवस काढायचे.

"एकोणचाळीस जुळले ना?" ती म्हणाली. "मग एखादं तुझं यंत्रही चुकेल. ते काय स्वर्गाच्या बादशहाने धाडलंय?"

"जनुक चुकत नाही, मावशी." वेइलान हसली, पण नुसत्या ओठांनी. चार वर्षं ती जनुकातल्या त्या एका खुणेच्या मागे होती. मोती नरातच मोठा धरतो, म्हणून पिल्लू नखाएवढं असतानाच नर ओळखता यायला हवा होता. "उघडा. झान साहेब यायच्या आत बघून टाकू."

चायश्याने चिमटा फटीत सरकवला. उघडायचं ते बोटभरच. जास्त ताणलं तर आतला स्नायू तुटतो आणि शिंपला मरतो. असे हजारो उघडले असतील तिने. कशीबशी तिने लाकडी पाचर बसवली. आत बघितलं. नुसता राखाडी धूर.

तिने करंगळी घातली.

कल्ला टम्म फुगला होता, नव्या रजईसारखा. आणि बोटाला काहीतरी रवाळ चिकटलं. मादीच होती. शिंपल्याची मादी पिल्लं कल्ल्यातच वाढवते, आणि ही पिल्लांनी गच्च भरलेली.

तिने वर पाहिलं. वेइलान विजेरी घेऊन वाकली होती. तिचा चेहरा चायश्याला धूसरच दिसत होता, पण विजेरीचा उजेड आतल्या कल्ल्यावरून हलेना, ते दिसलं.

"पाहिलंस ना, पोरी?"

वेइलानने विजेरी बंद केली. पाचर काढली, शिंपला परत पाण्यात सोडला. बाहेर ओल्या फरशीवर बूट वाजले.

"काय गं?" तळ्यांचे मालक झान साहेब चहाची बाटली हलवत आत आले. "कोण हरलं? यंत्र की मावशी?"

वेइलान खाली बघत होती.

"मावशींना हल्ली दिसत नाही, साहेब," ती म्हणाली. "मला कधीपासून माहीत आहे. मीच बोलले नाही."

साहेबांनी बाटली खाली ठेवली. "खरं का, मावशी?"

नाही म्हणावं आणि शेजारच्या टबातला कुठलाही नंबर अचूक वाचून दाखवावा, असं चायश्याला फार वाटलं. टब कुठे आहे तेवढंच तिला दिसत होतं, नंबर नाही.

"खरं आहे, साहेब. नाही दिसत."

मग तिने टेबल चाचपून एक काचपट्टी ओढली. मिटलेल्या मुठीतून करंगळी सोडवून ती पट्टीवर पुसली. दोनदा चुकून तिसऱ्या खेपेला पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली नीट बसली.

"म्हणून तुम्हीच बघा. तेवीस नंबरच्या कल्ल्यातलं आहे."

साहेब वाकले. "पिल्लं आहेत ही," डोळा न काढता ते म्हणाले.

चायश्याच्या ओल्या बाहीला काहीतरी लागलं. वेइलानची गार पडलेली बोटं होती ती. त्यांनी बाही घट्ट मुठीत धरली.

चायश्याने ती सोडवून घेतली नाही.