बोऱ्हाडे बाईंची सही

‘कोणतं काम करताना आपण खरंच कुणाच्या उपयोगी पडतो असं वाटतं?’ गुलाबी कागदावरचा हा प्रश्न वाचून बोऱ्हाडे बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बावीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी खरं तेच लिहिलं. ब्रेकचे सुटे भाग तपासताना.

कारखान्यानं कामावरून कमी केलेल्या अकरा जणांना ‘अर्थपूर्ण काम’ शोधायला शिकवण्यासाठी पुण्याहून एक मार्गदर्शक आणला होता. त्यानं बाईंचा कागद सगळ्यांना वाचून दाखवला. “किती छान. मग मॅडम, इतकं आवडीचं काम सोडलंत कशाला?”

“सोडलं नाही, काढलं. तडे गेलेला माल पास करायला सही मागितली, ती मी दिली नाही.” बाईंनी शेवटच्या रांगेतल्या मॅनेजरांकडे बोट दाखवलं. “यांनीच मागितली होती. माल गेलाच शेवटी. आज कुणाच्या गाडीत बसवलाय, देव जाणे.”

मॅनेजरांनी मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. मार्गदर्शकाचा चेहरा उतरला. तरी जेवणाच्या सुट्टीआधी त्यानं चाचरत एक फॉर्म पुढे केला. “शिबिरानं समाधान झालं, एवढंच आहे यात. मॅनेजरसाहेबांना तुमची सही हवीय.”

बाईंनी फळ्याजवळचा लाल मार्कर उचलला. खराब मालाच्या खोक्यावर लिहायच्या तसंच त्यांनी फॉर्मभर आडवं लिहिलं, ‘रिजेक्ट’. आणि या वेळी खाली सही मात्र ठसठशीत केली.