पाचजणींचा गट

"धोका टळला," डॉक्टर म्हणाले. "सकाळपासून ताप नाही. चार दिवसांत नवऱ्याला घरी न्या."

कोंबडीवालीने हात जोडले आणि तिला रडू फुटलं. डॉक्टरांना वाटलं, बाईला आनंद झालाय. ते पुढच्या खाटेकडे वळले.

आनंदच व्हायला हवा होता की! पण बाहेर बाकावर गटातल्या चौघी बसल्या होत्या, आणि त्यांना ही बातमी सांगायला तिचे पाय उचलेनात.

पाचजणींनी मिळून कर्ज घेतलं होतं. एकीचा हप्ता चुकला, तर बाकीच्यांनी भरायचा, हा नियम. हिने कोंबड्या घेतल्या. धंदा कुठे मार्गी लागत होता, तेवढ्यात रोग आला आणि तीन दिवसांत ऐंशीच्या ऐंशी कोंबड्या मेल्या. खुराडं धुऊन काढलं, संपला उद्योग! तेव्हापासून चौघी तिचा हप्ता भरत होत्या. शिवणवालीने मशीन विकलं. थोरल्या जावेने पोरीला शाळेतून काढलं. भांडली मात्र एकही नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं मेल्या!

कर्जाच्या कागदात आणखी एक नियम होता. नवरा गेला, तर बाईचं कर्ज माफ. कर्ज देणाऱ्या साहेबाने तो वाचून दाखवला तेव्हा सगळ्या खिदळल्या होत्या; सहीला आलेला तिचा नवराही हसला होता. आता तिचा नवरा न्यूमोनियाने पडल्यापासून त्या नियमाचं कुणी नावही काढत नव्हतं. चौघी रोज डबा आणायच्या, पाळीपाळीने उशाशी बसायच्या. आणि रोज विचारायच्या, "डॉक्टर काय म्हणतात?"

ती तरी कुठली धुतल्या तांदळासारखी! दोनदा तिच्याही मनात ते येऊन गेलं होतं. स्वतःचीच किळस वाटली होती तिला. एवढंच बरं, की ग्लानीत पडलेल्या त्या बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

ती बाहेर गेली. "टळलं," एवढंच म्हणाली.

"बरं झालं बाई," जाऊ म्हणाली आणि खाली बघत पिशवीचा बंद चाचपत राहिली. बाकीच्या तिघी डबे आवरू लागल्या.

ती आत परतली. नवरा जागा होता. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्याने तो हात घट्ट धरला.

"चुकलं गं माझं," तो म्हणाला. "तुम्हा पाचजणींचं काम होता होता राहिलं."