सतराव्या झाडाची चहाडी

“धा फळां गळली की घड उतरव गो शेवंते, अकराव्याची वाट बघू नको!” सासूबाईंची ही हाक शेवंतीनं तेलताडाच्या बागेत वीस वर्षं ऐकली, पण उलट शब्द कधी काढला नाही. सासूबाई गेल्या, हाक मात्र राहिली. गळलेली फळं मोजून, घडाचा वास हुंगून झाडाला बोलतं करणारी यंत्रं आली, तेव्हा शेवंतीच्या नवऱ्यानं, मुकुंदानं, त्यांत आईचाच आवाज भरला. तेव्हापासून पिकलं झाड आपणच साद घाली, घड वेळेवर उतरे, आणि त्यांच्या दोन एकरांचं तेल गावात सगळ्यांत जास्त निघे.

सतरावं झाड तेवढं पंधरा दिवस मुकं होतं. आज घडाच्या आंबूस वासानं ते अचानक कडाडलं, “शेवंते, माझी फळां पदरात कोण लपवता गो?”

मुकुंदा लांब दांड्याचा कोयता घेऊन धावला. “अगो, घड कुजाक लागलो! आईक फसवतंस?”

घड उतरवायला आधी त्याखालची झावळी तोडावी लागे; त्यासाठी त्यानं कोयता उचलला, आणि तिथंच थांबला. झावळीला सुगरणीचं घरटं झुलत होतं. त्यातून एक पिल्लू भुर्रकन उडालं, मागोमाग दुसरं, मग धडपडत तिसरं. मुकुंदानं कोयता खाली घेतला.

शेवंतीनं पदर झटकला. लालभडक फळं मातीवर टपटपली. मान वर करून ती झाडाला म्हणाली, “आई, मियाच लपवलंय. कधी कधी अकराव्याची वाट बघूची लागता!”